पुसलेला डावा हात

दि. ३ मार्च

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून फुरंगटून बसली असशील, तर आधी ऐक. मी ज्यांच्याकडे काम करतो त्या घराण्याचं कलादालन पंधरा तारखेला उघडतंय, आणि जुन्या चित्रांवरचा मळ काढता काढता माझी मान मोडली आहे. इथे भिंतीवर मालकांची नावं चित्रकारांच्या नावांपेक्षा मोठी. परवा मालकीणबाईंनी एक चित्र पाहून नाक मुरडलं. त्यांच्या आजोबांनी, म्हणजे थोरल्या मालकांनी, आपल्या रंगाच्या कारखान्यात ते चित्रकाराकडून काढून घेतलं होतं. पाठमोरा कामगार, मागे बांधलेले हात, आणि ते मनगटापर्यंत निळे. बाईंच्या मते तो नंतर पडलेला डाग आहे, पाहुण्यांसमोर असले हात नकोत. चित्र वेळेत झालं तर मला कायम करतील असंही म्हणाल्या.

आमच्या कामात नाजूक जागी कापसाच्या बोळ्याला स्वतःची थुंकी लावतात. तुला शिसारी येईल, पण तिच्याइतकं सौम्य दुसरं काही नाही. डावा हात पुसला. निळा सहज निघाला, म्हणजे डागच असणार. तैलरंग थुंकीने निघत नाही. उजवा दहा तारखेला बाईंच्या समोर पुसायचाय, त्यांना बघायची हौस आहे.

बाबांचा खोकला कसा आहे? त्यांना सांग, मुलगा कायम होतोय. लोभ आहे तेवढा राहू दे, कान उपटायचा हक्कही.

तुझा धाकटा


दि. ७ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र बाबांना खाटेशी बसून वाचून दाखवलं. ही खाट त्याच घराण्याने दिलेली, आणि मी जिथे नर्स आहे तो हा वॉर्डही. दारावर संगमरवरी पाटी, आत वीस खाटा, आणि वीसही जण त्याच कारखान्यातले, छाती पोखरलेले. थोरल्या मालकांच्या तसबिरीची काच रोज पुसायची असा नियम आहे. एरवी हात आपोआप चालतो. आज फडकं खाली ठेवलं.

कारण चित्रातले ते हात बाबांचे आहेत. तुझ्या जन्माआधी ते तीन दिवस चित्रकाराकडे पाठ करून उभे होते. चित्रकाराला निळा जमेना, तेव्हा त्याने बाबांकडूनच कारखान्याच्या हौदातला पाण्यात कालवलेला रंग बाटलीभर मागवला आणि चित्रातल्या हातांवर त्याचाच पातळ थर दिला. म्हणून थुंकीने निघाला. बाबांच्या हातांचा चाळीस वर्षं साबणाने निघाला नाही. त्या हातांनी वाढलास तू. तुला तो डाग कसा वाटला? की कायम नोकरी दिसली म्हणून तसा मानून घेतलास?

मी संतापले, बाबा मात्र खोकला येईपर्यंत हसले. मग म्हणाले, “उजवा राहू दे. दोन्ही निळे असते तर लोक रंग बघून पुढे गेले असते. एक पुसलेला दिसला, की विचारतील कुणी पुसला.”

राग गेलेला नाही, तरी वेळेवर जेव.

तुझी ताई


दि. १६ मार्च

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

मानूनच घेतला. बोळा तोंडाशी नेताना मला आतून ठाऊक होतं. हे लिहितानाही माझीच किळस येतेय. मी बाबांच्या हातावर थुंकलो, ताई.

दहा तारखेला बाई खुर्ची टाकून बसल्या. मी नाही म्हटलं, हात कुणाचे तेही सांगितलं. त्या हळहळल्या, आणि वडिलांना वॉर्डात आणखी काही हवं का, असं विचारलं. नोकरी गेल्याचं कारकुनाकडून कळवलं. पाच दिवसांत दुसरा माणूस मिळाला नाही, आणि निमंत्रणावर चित्राचं नाव छापून गेलं होतं, म्हणून ते टांगावंच लागलं. उजव्या हातापुढे त्यांनी फुलांची भली मोठी कुंडी ठेवली.

काल मी पाहुण्यांच्या गर्दीतून आत शिरलो आणि कुंडी बाजूला सारली. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी लगेच विचारलं, हा हात कुणी पुसला. मी पुसला, म्हणून सांगितलं, आणि कुणासाठी तेही. तेवढ्यात बाई फोटोवाल्याला घेऊन आल्या आणि फोटोसाठी हसत हस्तांदोलनाला माझ्यापुढे हात केला. मी माझे दोन्ही हात मागे बांधले आणि त्यांच्याकडे पाठ करून उभा राहिलो.

बाबांना माझा नमस्कार सांग. सांगताना त्यांचा डावा हात हातात घे.

तुझाच,
धाकटा