माहेरची फ्रेंच, सासरची डच

ती. आईला धाकटीचा लांबून नमस्कार,

मी मजेत आहे. तुझा गुडघा कसा आहे?

इथल्या हॉस्पिटलात आम्हा नर्सना दोन भाषा लागतात. डच घशातून, खाकरल्यासारखी बोलतात. फ्रेंच नाकातून, निम्मी अक्षरं गिळून.

वॉर्डातल्या एका आजींचा सगळा संसार नवऱ्याच्या डचमध्ये झाला. आजारपणात त्या डच विसरल्या, माहेरची फ्रेंच तेवढी उरली. नवऱ्याचं बोलणं कळेना, त्यांच्या हातून जेवेनात. काल आजोबा मला म्हणाले, "'थोडं खा' हे तिच्या भाषेत शिकव मला." घोकून घोकून त्यांनी ते म्हटलं. आजींनी हसून त्यांचा उच्चार सुधारला आणि घास घेतला.

तुझ्या नातीला सुट्टीत तुझ्याकडे पाठवते. तिच्याशी मराठीतच बोल. म्हातारपणी माझं बोलणं तिला कळायला हवं.

तुझीच,
धाकटी