सूचकाची पहिली ओळ

प्रिय ठोंब्या,

खासदार झालास तरी ताईला तू ठोंब्याच, तेव्हा रागावू नकोस. परवा टीव्हीवर तुझं संसदेतलं भाषण पाहिलं. एकदाही अडखळला नाहीस. नगरपालिकेतल्या पहिल्या भाषणाला तुझे हात इतके थरथरत होते की कागद वाचता येईना. मी समासात तीन ठिकाणी ‘श्वास घे’ असं लिहून दिलं होतं आणि तू तेही मोठ्यानं वाचलंस! सगळं सभागृह पोट धरून हसलं. त्याच दिवशी लोकांना तू आपला वाटलास, असं मी अजूनही म्हणते.

तुझी आमदारकीची जागा रिकामी झाल्यापासून इकडे चर्चेला नुसता ऊत आलाय. बाहेरच्या खोलीतल्या तुझ्या कार्यालयात तक्रारी घेऊन येणाऱ्यांची सोमवारची गर्दी मात्र तशीच. बाक डुगडुगतो म्हणून त्याच्या पायाखाली तुझं जुनं प्रचारपत्रक घडी करून घातलंय. आपल्या सरकारी दवाखान्याला डॉक्टर मिळावा म्हणून मी आरोग्य खात्यात अकरा खेपा घातल्या. शेवटी तिथला शिपाईच मला चहा विचारू लागला. मागच्या आठवड्यात डॉक्टरबाई रुजू झाल्या.

भाषणानंतरची तुझी मुलाखतही ऐकली. वीस वर्षं मतदारसंघ कसा सांभाळलात, असं विचारल्यावर तू म्हणालास, कार्यालय आपोआप चालायचं. मी भाजी चिरत होते, सुरी बाजूला ठेवली. ठोंब्या, ते आपोआप म्हणजे मी. त्या आपोआपचे हल्ली गुडघे दुखतात. वाईट वाटलं मला, फार वाईट वाटलं.

वहिनी सांगत होती, पक्ष त्या जागेवर तुझ्या मुलाला उभं करतोय. भाचा माझा जीव की प्राण आहे. पण दवाखाना कुठल्या रस्त्यावर आहे, हे परवा त्यानं मलाच फोन करून विचारलं.

म्हणून सोबत एक अर्ज पाठवतेय. पोटनिवडणुकीचा, अपक्ष उमेदवाराचा, माझा. दहा सूचक लागतात. नऊ सह्या झाल्यात. शिंपीणबाईंनी तर आधी हात धुतले, मग पेन धरलं. तुझ्या प्रत्येक अर्जावर सूचक म्हणून पहिली सही माझी असायची, म्हणून पहिली ओळ तुझ्यासाठी कोरी ठेवलीय. सही केलीस तर पक्षात तुझी पंचाईत होणार, हे कळतं मला. शुक्रवारी तीनपर्यंत मुदत आहे. तुझी सही नाही आली तर धोबी खिशाला पेन लावून तयार आहे, अर्ज मी भरणारच. पण पहिली सही तुझी असावी, असं फार वाटतं रे. आणि हात थरथरलाच, तर समासात बघ. लिहून ठेवलंय.

तुझीच,
इतकी वर्षं आपोआप चाललेली
ताई