बोरीखालचा झुबका

केळापूर,
२७ जुलै २०२५

चि. दीपमाला हिस,
जय भीम आणि खूप आशीर्वाद.

तुझी खुशाली फोनवर कळते. तरी पत्र लिहितो आहे, कारण तुझा आवाज आला की मला पाऊसपाण्यापलीकडे बोलताच येत नाही. त्यात तुझी आई शेजारीच बसलेली असते.

पाऊस बरा आहे. विहिरीवरच्या तुकड्यात ज्वारी उगवली. यंदाही आईने ट्रॅक्टर लावू दिला नाही. शेजारच्या डोमाजीची बैलजोडी आणली, मी तिफण हाकली आणि मागे तिफणीच्या चाड्यात मुठीने बी सोडायला तीच. तिची मूठ तुला ठाऊक आहे, बी कसं सारखं पडतं. या खेपेला बोरीच्या झाडापर्यंत पेरणीच्या ओळी नीट उगवल्या. त्यापुढे मात्र कुठे झुबके, कुठे मोकळी जमीन. मी पाखरांना दोष दिला. ती उजवा हात पदराखाली घेऊन बसली.

तू बजावलं होतंस, युरिया देण्याआधी विरळणी करा. दाटी राहिली तर सगळी रोपं त्याच नत्रावर तुटून पडतात, धांडे वाढतात आणि कणीस पोचट राहतं. फार मोकळं ठेवलं तर खत तणाच्या पोटात जातं. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातल्या तुझ्या ज्वारीच्या प्रयोगात तू हेच तर मोजते आहेस. मला पटलं. पण वावरात गेलो की हात चालेना. तिने पेरलेलं उपटायचं कसं? तसाच परत येत राहिलो.

शेवटी तीच बांधावर येऊन बसली. म्हणाली, "कायले थांबून राह्यले तुमी? उपटा."

"तुह्या हातचं हाय."

"म्हणूनच सांगून राह्यली. सगळेच ठेवसान त एकालेही दाणा भरनार नाही."

मग उपटत गेलो. डोळे पुसायला हात मातीचे होते.

आता हाताचं सांगतो. आईला यवतमाळला नेलं होतं. डोक्यात गाठ आहे, उजव्या हातातलं बळ त्यानेच गेलं. काढण्यासारखी राहिली नाही म्हणतात, दिवाळी दिसणं कठीण आहे. "पोरीचे कनसं तोलून होऊ द्या, मंग सांगा," अशी तिने शपथ घातली होती. तुझं वर्षाचं काम मोडू नये म्हणून. ती शपथ मी आज मोडतो आहे.

युरिया देऊन झाला. बोरीखालचा एक झुबका तेवढा विरळला नाही. त्यात दाणा भरणार नाही, खत फुकट जाईल, हे मलाही कळतं. जाऊ दे. सकाळी आईला तिथे नेऊन बसवतो. डाव्या हाताने ती पानं कुरवाळते आणि विचारते, दीपमालाची ज्वारी केवढी झाली असेल.

तुझे वाफे एखाद्या मैत्रिणीवर सोपव. कणसं भरायची वाट पाहू नकोस, माय. आई तुला ओळखते आहे तोवर ये.

दोघांच्याही वतीने,
तुझा बाबा