राणीच्या रक्तात झोपलेला विषाणू

मंगळवार, संध्याकाळ. पुंडलिकनगर.

आज आमच्या राणीच्या रक्ताचा रिपोर्ट आला. मागं हौदातले सगळे कोई जातीचे रंगीत मासे हर्पीस विषाणूच्या साथीत मेले, ही एकटीच वाचली. आता ठणठणीत आहे. तरी तो विषाणू तिच्यात आहेच! आणि लपलाय कुठं? रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींत! त्याला मारायचं काम ज्यांचं, त्यांच्यातच गुपचूप झोपलाय. कसं जमलं असेल त्याला? विचार करायला मेंदूसुद्धा नाही.

बाबा नवे मासे आणणार होते. त्यांना सांगितलं, "पाणी एकदम गरम-गार झालं तर तो जागा होईल. नव्यांना लागण होईल."

"मग हिला मारायचं?"

"नाही हो बाबा. हिला एकटीलाच ठेवायचं."

बाबा हौदापाशी बसले, हातावर दाणे घेतले. राणी वर आली.

"नवे नकोत मग," ते म्हणाले. "हौद हिचाच."