पाठकोरे कागद

सोमवार, ३

आंघोळ करताना पुन्हा हाताला लागली. काखेजवळ, सुपारीएवढी गाठ. दुखत नाही — म्हणूनच जास्त भीती वाटते. देवापुढे दिवा लावून त्याला तेवढं सांगितलं. घरात कुणाला नाही.

लेक कादंबरी लिहिते आहे. कॉलेजची पुस्तकं धूळ खातात आणि रद्दीत रोज ढीग! एका बाजूने लिहायचं, फेकायचं. पाठकोरे कागद माझ्याने टाकवत नाहीत. त्यांवरच ही रोजनिशी. महिनाअखेर शिवून टाकीन.

दूध उतू गेलं वाटतं —

गुरुवार, ६

आज कागदाची पुढची बाजूही वाचली. चौकातल्या पुतळ्यातली राणी घोड्यावरून उतरते आणि सोळा वर्षांच्या एका मुलीला घेऊन थेट यमाच्या दरबारात जाते. तिथे कारकुनाला झापते, "बाकावर किती वेळ बसवणार?" हसले, मग कानाला हात लावले. देवादिकांची थट्टा बरी नव्हे, असं लेकीला सांगितलं. म्हणाली, थट्टा नाही, यमालाही वरिष्ठ असतीलच. हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "असतील तर बदली मागून घे त्याची."

शनिवार, ८

आजच्या कागदावर सातवं प्रकरण. त्या मुलीच्या आईने दुखणं अंगावर काढलं, कुणाला बोलली नाही, गेली. तिला परत आणायला मुलगी यमाला आपलं अर्धं आयुष्य देऊ करते. आणि यम म्हणतो — तथास्तु.

वास्तू तथास्तु म्हणते, हे हिला ठाऊक नाही का? माझ्या पेनाने तो शब्द गिचमिड करून खोडला.

रविवार, ९

भाजी निवडता निवडता म्हटलं, तेवढं बदल गं. पोरीने आपलं आयुष्य देऊ नये.

ती म्हणाली, "तिच्या आईने वेळेवर सांगितलं असतं, तर द्यावंच लागलं नसतं."

माझ्याकडे बघून म्हणाली की भाजीकडे? मी मान वर केली नाही.

मंगळवार, ११

गेल्या सोमवारचा, गाठीचं लिहिलेला कागद सापडत नाही!

खण उपसला, गादी उचलली. मग आठवलं. त्या दिवशी टेबलावर लिहीत होते, दूध उतू गेलं म्हणून धावले. शेजारी तिच्या पक्क्या प्रतीचा गठ्ठा होता. तीही एकाच बाजूने लिहिलेली. तिने सगळे कागद एकत्र उचलले असणार.

प्रत तपासायला ती सकाळीच वाचनालयात गेली आहे. पान उलटून पाहिलं तर? देवा, एवढं पान उलटू देऊ नकोस.

आली. चप्पल काढून सरळ खोलीत गेली. जेवली नाही.

बुधवार, १२

उशाशी एक पान ठेवलेलं. सातवं प्रकरण, नव्याने लिहिलेलं. यम नाही, दरबार नाही. दवाखान्यातला बाक. एका बाजूला राणी, दुसऱ्या बाजूला मुलगी, मधे आई — जिवंत. खाली पेन्सिलीने: "दहाचा नंबर लावलाय. बाबाही येताहेत. मागची बाजू कोरी ठेवली आहे, परत आल्यावर लिही."

हे किराण्याच्या पुडीवर लिहिते आहे. ते पान ठेवून दिलंय. दोघं दारात उभी आहेत.