घरी शिवलेलं

सोमवार, ६ जानेवारी

रिकामा कप माझ्या हातात दिला त्या माणसाने. दिला आणि पुढे निघूनही गेला!

नीट लिहून काढते, नाहीतर डोक्यातून जायचं नाही. तक्रारींच्या फोनवरून मला विक्रीकडे घेतलं त्याला फार दिवस झालेले नाहीत. आमची कंपनी ऑफिसच्या खुर्च्या विकते. इतकी वर्षं मी फोनवर लोकांची बोलणी खात होते. कुणाचं चाक निखळलं, कुणाची पाठ मोडली (खुर्चीची, आणि मग त्यांचीही). फोनवर कुणी कुणाला बघत नाही, त्यामुळे अंगात काय घातलंय याची फिकीर नव्हती. आज पहिल्यांदा मोठ्या बाईंबरोबर गिऱ्हाइकाच्या ऑफिसात गेले. बाई आमच्या विभागाच्या प्रमुख. समोर सगळे मॅडम म्हणतात, मागे मोठ्या बाई.

बाई आत होत्या. मी दाराबाहेर नमुन्याची खुर्ची धरून उभी. अंगात कोपरावर विरलेला तपकिरी स्वेटर. त्यांचे साहेब चहा संपवत आले आणि कप माझ्या हातात. माझ्या तोंडाकडे पाहिलंही नाही. स्वेटरकडे पाहिलं असणार.

आणि मी काय केलं? घेतला. वर ठेवायला जागा शोधू लागले! मग आत जाऊन त्याच माणसासमोर खुर्चीचं कौतुक सांगायचं होतं. शब्द फुटेना. बाईंनी सावरून घेतलं. परतताना गाडीत एकच म्हणाल्या, "जरा नीटनेटकी राहत जा."

घरी आईला गंमत म्हणून सांगितलं. आई हसली नाही. पुढच्या खोलीत बाबांचं मशीन चालू होतं, ते मध्येच थांबलं.


बुधवार, ८ जानेवारी

बाबांनी माझं माप घेतलं. कॉलेजात असताना घेतलं होतं, त्यानंतर आजच.

त्यांचं दुकान बंद पडल्यापासून मशीन पुढच्या खोलीत आहे. येणारे सगळे "चेन बदला", "उंची कमी करा"वाले. आज त्यांनी कपाटाच्या तळातून करड्या सुटाचं कापड काढलं. आई म्हणाली, अहो, ते तुम्ही स्वतःसाठी ठेवलेलं ना? बाबा म्हणाले, मला कुठे मिरवायला जायचंय.

माप घेताना मी सारखी पोक काढत होते. दोनदा खांदा धरून सरळ केला त्यांनी. काही बोलले नाहीत, तोंडात टाचण्या होत्या.


सोमवार, १३ जानेवारी

बाबांनी शिवलेलं करडं जॅकेट घालून गेले. लिफ्टमधल्या आरशात आधी ओळखूच आले नाही मी मला.


मंगळवार, १४ जानेवारी

मी बोलले आज! त्याच साहेबांसमोर, त्याच खोलीत. बाईंनी दुसरी संधी मागून घेतली होती. मी खुर्ची फिरवून दाखवली, त्यांनाच बसायला लावलं, "मान इथे टेकवा" असंही सांगितलं. त्यांनी टेकवली. निघताना दार उघडून धरलं माझ्यासाठी. मी तीच, खुर्ची तीच. खांद्यावर बरोबर बसणारं एक जॅकेट, एवढाच काय तो फरक. याचा आनंद मानावा की राग, कळत नाही.

आता खरं लिहिते. यासाठीच बसले आहे.

दुपारी डबा खाताना बाईंनी बाही हातात धरून उलटीपालटी केली. म्हणाल्या, काय सुंदर बसलंय, अस्तर बघ कसं लावलंय. कुठून घेतलंस?

"आहे एक डिझायनर," मी म्हणाले. "फार घेत नाही कामं."

कुठून आलं हे तोंडात? 'बाबांनी शिवलं', दोनच शब्द. पण शेजारी परफ्यूम बसली होती. आमच्याच टीममधली, येण्याआधी वास येतो म्हणून हे नाव. तिचा प्रत्येक कपडा कुठल्या ना कुठल्या नावाचा असतो. मला डोळ्यासमोर आमची पुढची खोली दिसली, दोरीवर लटकलेल्या, लोकांच्या उसवलेल्या पॅन्ट, जमिनीवर चिंध्या. वाटलं, हे कळलं की जॅकेटही त्यांना तसंच दिसायला लागेल. आणि मग मीही.

परफ्यूमने भुवया उंचावल्या. तेव्हा आवडलं मला ते. हेही लिहून ठेवते.


शुक्रवार, १७ जानेवारी

बाबांनी विचारलं, काही म्हणालं का कुणी? मी म्हटलं, छान म्हणाले. त्यांना आणखी ऐकायचं होतं. मी मोबाइल उघडून बसले.


गुरुवार, २३ जानेवारी

व्हायचं तेच झालं. बाईंना तसंच जॅकेट हवंय, पुढच्या महिन्यात त्यांची परिषद आहे. मी म्हटलं त्या डिझायनरला वेळ नसतो. म्हणाल्या, विचारून तर बघ. आज निळं कापड आणि मापाचा कागद माझ्या टेबलावर! बाईंना नाही म्हणणारा माणूस अजून जन्मायचाय.

घरी आणलं. म्हटलं, आमच्या बाईंना शिवून हवंय. बाबा उठून उभेच राहिले. दोन्ही हात पुसले, मग कापडाला हात लावला. उजेडाकडे धरून बघितलं. किती वेळ त्यांच्या तोंडावरचं हसू जाईना.

"त्यांनी माझं काम बघून मागितलं?"

हो म्हटलं. त्यांना वाटतंय मी ऑफिसात अभिमानाने सांगितलंय. संध्याकाळभर आईला सांगत होते, मशीनला तेल घालता घालता — दुकान असताना नाही आलं असं गिऱ्हाईक, पोरीमुळे आलं.

मला जेवण गेलं नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.


गुरुवार, ३० जानेवारी

बाबा म्हणतात कच्चे टाके घालून झाले, आता एकदा अंगावर बघितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मी म्हटलं, मी घेऊन जाते. तू काय बघणार, म्हणाले, खांदा माझ्या हाताला कळतो. मग म्हटलं, बाईंना वेळ नाही. तर तिकडे बाईच म्हणाल्या, सोमवारी सकाळी बोलाव त्यांचा माणूस.

त्यांचा माणूस.

बाबांना सोमवार सांगितला. दुसरं काही सांगितलं नाही. दोनदा त्यांच्याजवळ जाऊन बसले, दोनदा उठून आले.


सोमवार, ३ फेब्रुवारी

आज जे केलं ते कुणालाही सांगण्यासारखं नाही.

बाबा वेळेच्या आधीच आले. खालून निरोप आला, तुमच्याकडे कुणी टेलर आलेत. गेले. बाबांनी लग्नकार्यातला पांढरा शर्ट घातला होता, दाढी गुळगुळीत, बूट पॉलिश केलेले. गळ्यात टेप मात्र तशीच राहिलेली, निघायच्या गडबडीत काढायची विसरले असतील. जॅकेट जुन्या चादरीत बांधून आणलेलं. भिंतीवरची आमच्या खुर्च्यांची चित्रं मान वर करून बघत होते. मला बघून इतके खूश झाले!

तेवढ्यात मागून परफ्यूम. "हे कोण?"

बाबा हसून तिच्याकडे वळलेही होते, मी ओळख करून देईन म्हणून.

"त्या डिझायनरकडचे कारागीर आहेत," मी म्हणाले. "मॅडमच्या ट्रायलसाठी आलेत."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग गाठोडं या हातातून त्या हातात घेतलं.

"मॅडम," मला म्हणाले, "कुठे थांबू?"

मला. मॅडम.

वर घेऊन आले आणि केबिनबाहेरच्या बाकाकडे बोट दाखवलं मी. बाईंचा फोन संपेपर्यंत ते तिथे बसले, गाठोडं मांडीवर घेऊन. मी माझ्या टेबलापाशी बसून संगणकाच्या पडद्यात बघत राहिले. पडद्यावर काय होतं, देव जाणे.

मग केबिनमध्ये बाईंनी मलाही बोलावलं. बाबांनी जॅकेट चढवलं, मुंढ्यापाशी, बाही जोडतात तिथे, खडूने खूण केली, मागे सरकून बघितलं. खालची कड सारखी करायला गुडघ्यावर बसले. त्यांचे गुडघे दुखतात, घरी ते खाली बसत नाहीत. उठताना टेबलाचा आधार घेतला. मी तिथेच होते. हात पुढे केला नाही. कारागिराला मॅडम हात देत नाहीत.

बाई आरशात बघून हरखल्या. म्हणाल्या, "तुमच्या साहेबांना सांगा, हात फार सुरेख आहे त्यांचा."

"सांगतो," बाबा म्हणाले.

टाचण्या डबीत भरल्या, चादर बांधली. बाईंना नमस्कार केला. मग मलाही केला. "येतो मॅडम." लिफ्टपर्यंत एकटे गेले. मी गेले नाही सोबत.

संध्याकाळी घरी यायला पाय उचलेना. आले तर बाबा आईला ऑफिसचं वर्णन सांगत होते. काय त्या खुर्च्या, काय त्या काचा, आणि आपल्या पोरीला स्वतंत्र टेबल आहे! आई विचारत होती, चहा दिला की नाही? ते म्हणाले, दिला ना, बिस्किटं पण होती.

कुणीही चहा विचारला नव्हता त्यांना.


मंगळवार, ४ फेब्रुवारी

बाबा बोलतात माझ्याशी. नेहमीसारखंच. ओरडले असते तर बरं झालं असतं.


शुक्रवार, ७ फेब्रुवारी

आठवडाभर स्वेटरच घालून जातेय. जॅकेट हातात घेते, पण अंगावर चढवत नाही. परफ्यूम म्हणाली, काय गं, पुन्हा तक्रारीत बदली झाली का?

माफी मागायला गेले काल. बाबा काज करत होते. मी म्हटलं, बाबा, त्या दिवशी... ते म्हणाले, जरा सुईत दोरा ओवून दे. दिला ओवून. मग म्हणाले, झालं, जा आता, झोप. म्हणजे बोलायचं नाही.

आज बाईंचं जॅकेट पूर्ण झालं. इस्त्री करून, पातळ कागद घालून, माझ्या हातात दिलं. दारापर्यंत आले आणि हळू आवाजात, आईला ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "साहेबांनी पाठवलंय म्हणून सांग."

टोमणा असता तर झेलला असता. टोमणा नव्हता तो. मला अडचण होऊ नये म्हणून आठवण करून देत होते.

बाई आज रजेवर. पिशवी टेबलाखाली ठेवून आले. दिवसभर पायाला लागत होती.


सोमवार, १० फेब्रुवारी

सांगून टाकलं!

करडं जॅकेट घालून गेले. बाईंनी त्यांचं चढवलं आणि केबिनच्या दारात येऊन सगळ्यांना फिरून दाखवलं. परफ्यूम म्हणाली, मला त्या डिझायनरचा नंबर हवा म्हणजे हवा. सगळे हसत होते. मी उभी राहिले.

"डिझायनर वगैरे कुणी नाही," मी म्हणाले. "माझे बाबा शिवतात. त्या दिवशी आले होते ते माझे बाबा."

परफ्यूम माझ्याकडे बघायची ती खाली बघायला लागली. बाईंनी मला आत बोलावून दार लावलं. बराच वेळ बाहीवरून हात फिरवत राहिल्या.

"मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही गं," म्हणाल्या. "आणि तू तिथेच उभी होतीस."

"हो."

"का?"

लाज वाटली, म्हटलं. कशाची, ते त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. लाज तेव्हा ज्याची वाटली आणि आता ज्याची वाटते, यांची नुसती अदलाबदल झालीये. रडू आलं, जॅकेटच्याच बाहीने पुसलं. बाबांनी बघितलं असतं तर ओरडले असते.

बाई म्हणाल्या, उद्या त्यांना घेऊन ये, माझे पाहुणे म्हणून. चहा माझ्यासोबत. बाहेर आले तर परफ्यूम वाट बघत होती. म्हणाली, माझे पप्पा ट्रक चालवायचे, कुणाला बोलू नकोस. मग तेच, माझं पण शिवतील का?

आता घरी निघतेय. ऑफिसातच घाईघाईत लिहिलं, घरी गेल्यावर लिहायला वेळ होणार नाही. बाबांना पहिल्यापासून सगळं सांगायचंय. या वेळी सुईत दोरा ओवायला लावला तरी बोलत राहणार.


त्याच दिवशी, घरी

पलंगावर बाजारातल्या त्या काचेच्या मोठ्या दुकानाची पिशवी. आत काळं तयार जॅकेट, किमतीच्या चिठ्ठ्या-बिठ्ठ्या तशाच लटकलेल्या. बाबा दुपारी एकटे जाऊन घेऊन आले. जन्मात तयार कपडा न घेतलेला माणूस. घालून बघ म्हणाले. घातलं. लांब उभे राहिले, हात पाठीमागे धरून.

"खांदा उतरतोय जरा. पण मी मुद्दाम हात लावला नाही. आता कुणी विचारलं कुठून घेतलंस, तर खरं सांगता येईल तुला."