हिरामणकाकांचा फोन

३ जानेवारी १९९८, शनिवार

कंपनीची आठवड्याची सुट्टी शनिवारी, म्हणून आज घरी. नव्या वर्षाचा संकल्प जरा उशिरा, पण विचारपूर्वक: लोकांच्या सवयींचा त्रास करून घ्यायचा नाही. टेस्टिंग डिपार्टमेंटमधल्या माणसाला एवढं जमायला हवं. मीटरवर आकडा येतो, आपण लिहून घेतो. मीटरवर कुणी चिडत नाही.

फोनपासून सुरुवात करते. आबा एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून रिटायर झाले त्याच सुमारास आमचा नंबर लागला. बिल्डिंगमधला हा एकच फोन, त्यामुळे तो आमचा नाही. सगळ्यांनी आपापल्या नातेवाइकांना आमचा नंबर पी.पी. म्हणून, म्हणजे आम्ही बोलावून आणू अशा हिशोबाने, देऊन टाकला. विचारलं कुणी नाही.

वरच्या कलाबाईंची बहीण सटाण्याला असते. "कांदाले काय भाव शे?" एवढं विचारायला त्यांना वायरची गरज नाही, सटाण्यापर्यंत आवाज तसाच जातो. तरी वायर लागते, बोटाला गुंडाळायला. समोरची पायल उलट, रिसीव्हर ओठांना चिकटवून कुजबुजते. मग आम्ही दिवसभर पावडरच्या वासात हॅलो म्हणतो. बोलणं झालं की दोघी चहा होईपर्यंत उठत नाहीत.

चिडले नाही. पिळलेली वायर सरळ केली.

४ जानेवारी, रविवार

प्रफुल्लबद्दल एकदा लिहून टाकते, म्हणजे विषय संपेल.

आमच्याच डिपार्टमेंटला होता. गेल्या महिन्यात होसूरच्या कंपनीत लागला. जाताना स्टँडवर म्हणाला, "ट्रेनिंग संपून पोस्टिंग कळलं की फोन करतो. मग तुझ्या घरी कधी येऊ ते तू सांगायचं." मी म्हणाले, "बघू." उत्तर बरोबर होतं. माहिती अपुरी असताना हो म्हणायचं नसतं.

फोन आबांनी उचलला तर काय, हेही मीच ठरवून दिलं. त्याने म्हणायचं, "हिरामणकाकांना बोलवा." काका तळमजल्यावर एकटे राहतात. पूर्वी बिल्डिंगचे वॉचमन होते. त्यांना आजवर एकही फोन आलेला नाही, त्यामुळे घोटाळ्याची शक्यता शून्य. निरोप द्यायला आबा मलाच पिटाळतात. मी दारातूनच म्हणणार, "काकांच्या घराला कुलूप आहे, मी सांगते त्यांना," आणि रिसीव्हर घेणार. प्रफुल्ल हसला. म्हणाला, "तू लग्नाचंही सर्किट डायग्राम काढशील."

मी वाट पाहत नाही. फोन कधी येऊ शकतो एवढं फक्त माहीत आहे.

८ जानेवारी, गुरुवार

संध्याकाळभर कलाबाई फोनवर. बहिणीच्या जावेच्या बाळंतपणाची हकिकत, मुळापासून. बाळ झाल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं, तर जुळं निघालं.

एक सैद्धांतिक प्रश्न: लाइन एंगेज लागत असेल तर एसटीडी बूथबाहेर माणूस किती वेळ उभा राहील? होसूरला थंडी असते का?

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

तिळगूळ फोनवरून कसा देतात ते आज कळलं. "घे गं, तोंड उघड," असं पायलची मावशी अकोल्याहून म्हणाली आणि पायलने इकडे खरंच तोंड उघडलं. दिवसभर घरात चपलांचा ढीग. कुणीतरी तिळाचा लाडू खाता खाता नंबर फिरवला. पाचचं बटण दाबलं की दाबलेलंच राहतं. स्पिरिटने साफ केलं.

जाताना कलाबाई म्हणाल्या, "सरिता, सगळ्या बिल्डिंगला फोन येतात, तुलाच कसा गं येत नाही?"

बाईंना वाईट म्हणायचं नव्हतं. म्हणूनच जास्त लागलं. संकल्प कायम आहे, पण त्यात दुरुस्ती करते. त्रास करून घ्यायचा नाही याचा अर्थ त्रास चालू द्यायचा असा होत नाही.

१५ जानेवारी, गुरुवार

पी.पी. बंद. घरोघर जाऊन सांगितलं.

आबांना पटेना. "शेजाऱ्यांशी वाकडं कशाला? उद्या मेलो तर खांदा द्यायला तेच येणार." तडजोड केली: नकार माझ्या नावाने द्यायचा. शेजाऱ्यांसाठी कुणाचाही फोन आला तर आबांनी एकच वाक्य बोलायचं. "सरिताने सांगितलंय, या नंबरवर पुन्हा फोन करू नका." वाक्य मी करून दिलं. आबा त्यात "जरा" घालत होते, "रागावू नका" जोडत होते. काढायला लावलं. सूचनेत फट ठेवली की लोक घुसतात. जमेपर्यंत म्हणवून घेतलं.

हिरामणकाकांचं वेगळं सांगायला हवं का, असं मनात आलं. पण त्यांना फोन येतच नाहीत. जो प्रश्न उद्भवत नाही त्याला नियम नसतो. शिवाय संध्याकाळी मी घरीच असते.

१९ जानेवारी, सोमवार

शांतता. कलाबाई जिन्यात भेटल्या तर भिंतीशी बोलल्या. पायल बूथवर जाते. फोन आमचा झाला.

वाजत मात्र नाही. रिसीव्हर उचलून पाहिला, टोन आहे. ठेवल्यावर वाटलं, नेमका त्याच क्षणी कुणी लावला असेल तर? म्हणून आता कमी वेळा उचलते. एक्स्चेंजला तक्रार केली. "लाइन ओके आहे मॅडम," म्हणाले. ते तेच म्हणणार. कोपऱ्यावरच्या केबलच्या जॉइंटमध्ये पाणी गेलं असावं. जानेवारीत पाणी कुठून, असं आई म्हणाली. आईला केबलमधलं कळत नाही.

२० जानेवारी, मंगळवार

सी प्लस प्लसचा क्लास लावला. रोज संध्याकाळी सात ते नऊ. वाट पाहणारा माणूस संध्याकाळी घराबाहेर पडत नाही. मी पडते. सिद्ध.

२३ जानेवारी, शुक्रवार

क्लासहून आले तर आबा खुशीत. "आज दोन उडवले." रिटायर झाल्यापासून त्यांचं कुणी ऐकत नव्हतं, आता अख्खा महाराष्ट्र ऐकतो. त्यांची पाठ थोपटली.

कुणासाठी होते ते विचारलं नाही. नियम सगळ्यांना सारखा असावा.

२८ जानेवारी, बुधवार

जेवताना आबा म्हणाले, "एक पठ्ठ्या लय चिवट आहे. आज तिसऱ्यांदा आला. झाडला चांगला. तर मला विचारतो, 'सरिताने खरंच असं सांगितलंय?' म्हटलं, शब्दन् शब्द तिचाच आहे."

लोकांचा उद्धटपणा पाहा. ओळख ना देख, आणि सरळ सरिता.

आवाज कसा होता ते विचारणार होते, पण भाकरी गार होत होती. नंतर आबा झोपले. सकाळी मला बस गाठायची होती.

२९ जानेवारी, गुरुवार

आज पण विचारायचं राहिलं. गडबड होती.

३१ जानेवारी, शनिवार

सकाळी दार वाजलं. हिरामणकाका. धुतलेला सदरा, केसांना तेल. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदा आमच्या घरात आले. उंबऱ्यातच थांबले होते, आबांनी हाताला धरून आत घेतलं.

"पोरी, आबा काल पारावर म्हनले, माझा फोन येतो. तीनदा आला म्हने. खरं हाय का?"

आबा ओशाळले. "अरे, मला काय माहीत तुझं इतकं असेल. मी आपलं सगळ्यांना सांगतो तसं सांगितलं. 'हिरामणकाकांना बोलवा' म्हणायचा. चांगला शिकलेला आवाज होता."

"शिकला आसंल तिकडं," काका म्हणाले.

त्यांना मुलगा आहे. लखन. पेठकडचं घर सोडून हे नाशिकला आले, आणि इथून तो भांडून सुरतेला गेला. त्याला दाढीही फुटली नव्हती तेव्हा. पुन्हा काही कळलं नाही. मला हे माहीत नव्हतं. ज्याला फोन येत नाहीत असा माणूस मी शोधला. का येत नाहीत, ते विचारलं नाही.

"मला काका म्हनला," ते आबांना सांगत होते. "बा म्हनायची लाज वाटली आसंल. शेवटी काय बोलला?"

आबा खाली बघत म्हणाले, "'ठीक आहे' म्हणाला. ठेवला."

मी वायर सरळ करत होते. ती सरळच होती. खरं काय ते दोन वाक्यांत सांगता आलं असतं. वाक्यं तयारही होती. पण पहिलं बोलले असते तर काकांचा लखन पुन्हा गेला असता, आणि दुसरं आबांसमोर बोलावं लागलं असतं.

म्हणाले, "परत येईल काका. लोक परत करतात फोन."

१ फेब्रुवारी, रविवार

ड्यूटीहून आले आणि क्लास सोडला. पी.पी. चालू. पुन्हा घरोघर गेले. कलाबाई दारातूनच म्हणाल्या, "नको गं बाई. आम्ही अडाणी माणसं, आम्हाला बूथच बरा." दोन्ही हात जोडले त्यांना. असं मी कधी केलेलं नाही.

पत्र लिहिलं. मी आधी बोलायचं नाही हा नियमही मोडला. पण ट्रेनिंगपुरता प्रफुल्ल होसूरला ज्या लॉजवर होता तो त्याने सोडला असणार, आणि कंपनीने त्याला कुठल्या गावच्या प्लांटला टाकलं तेच तर फोनवर कळणार होतं. पाकिटावर नाव लिहून ठेवलं आहे.

तो चौथ्यांदा करेल. चिवट आहे, आबाच म्हणाले.

७ फेब्रुवारी, शनिवार

काका रोज संध्याकाळी येतात. फोनशेजारच्या स्टुलावर बसतात. चहा नको म्हणतात. फोनला हात लावत नाहीत, मोठ्याने बोलत नाहीत, चपला बाहेर जोडीने काढतात. आठवडाभर बघते आहे, या माणसात नाव ठेवायला एक सवय नाही. इतका त्रास मला आजवर कुणाचाच झाला नव्हता.

आज साडेसातला फोन वाजला.

काका उभे राहिले. मीही. दोघांनी हात पुढे केला आणि दोघांनी मागे घेतला. मग ते म्हणाले, "तूच घे पोरी. माझा आवाज ऐकून ठिवून दिल तो."

उचलला. सटाण्याची बाई होती. "कलाबाईले बलावा ना."

मी जिन्यातून पळत वर गेले. "कलाबाई, फोन! तुमचा फोन आलाय, लवकर चला!" ठेवेल ना ती बाई, या भीतीने त्यांना दंडाला धरून आणलं. "अगं हो, पडेन मी, काय झालंय काय तुला?" असं म्हणत त्या आल्या, स्टुलाशी टेकल्या, बोटाला वायर गुंडाळली आणि विचारलं, "कांदाले काय भाव शे?"

काका सगळं ऐकत होते. मान हलवून मला हळूच म्हणाले, "म्हंजी फोन चालू हाय."

मी म्हणाले, "हो काका. लाइन ओके आहे."